नुनाविकचं दूध

१९८०च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात डॉ. एरिक देवायी आईच्या दुधात पीसीबी किती उतरतं, ते तपासत होते. पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगांत पूर्वी घातलं जाणारं, वर्षानुवर्षं न कुजणारं रसायन. तुलनेसाठी त्यांना निर्मळ दूध हवं होतं. मग उत्तर टोकाच्या नुनाविकमधल्या मूळनिवासी इन्युइट बायकांच्या दुधाहून निर्मळ काय असणार? तिथे ना कारखाने, ना फवारणी. तपासणी झाली आणि सगळं उलटंच निघालं! दक्षिणेतल्या आयांच्या दुधाच्या जवळपास पाचपट पीसीबी या दुधात होतं.

आलं कुठून?

वाऱ्यावरून! उबदार मुलखात ही रसायनं माती-भंगारातून हळूहळू उडतात, गारवा लागला की खाली बसतात, ऊन तापलं की पुन्हा उडतात. उकळत्या भांड्यातली वाफ गार झाकणाला धरते ना? पृथ्वीचं ते झाकण म्हणजे आर्क्टिक. तिथल्या थंडीत पुन्हा उडणं अवघड.

खरी करामत तर पुढेच आहे. समुद्राच्या पाण्यात पीसीबी अगदी विरळ असतं. पण त्याला पाण्याचं वावडं आणि चरबीची ओढ, शिवाय शरीराला ते सहजी मोडता येत नाही. शेवाळातून ते इवल्या प्लवकांत जातं, तिथून ध्रुवीय कॉड माशात, मग सील आणि बेलुगा देवमाशाच्या चरबीत. प्रत्येक खाणारा आपल्या भक्ष्याची आयुष्यभराची साठवण गिळतो. बेलुगाची चरबीसकट कातडी, म्हणजे मुक्तुक, इन्युइट आवडीने खातात. भाजीपाला न पिकणाऱ्या त्या मुलखात क जीवनसत्त्वही त्यातून मिळतं. मुक्तुक खाणाऱ्या आईच्या दुधातल्या स्निग्धांशातून पीसीबी पुढे जातं. म्हणजे या साखळीच्या शेंड्यावर कोण? तान्हं बाळ!

मग मुक्तुक सोडा, अंगावर पाजू नका, असं सांगायचं? एकट्या डॉक्टरने ठरवावं इतकं हे सोपं नाही. त्याच चरबीत ओमेगा-३ आहे, दुकानातलं खाणं महाग आणि निकस आहे, आणि शिकार हा तिथल्या जगण्याचा कणा आहे. पाजत राहा, हाच सल्ला कायम राहिला, आणि मला तो योग्यच वाटतो. इलाज दूरच्या कारखान्यांवर करायचा होता. नुनाविकच्याच शीला वॉट-क्लुतिए यांनी अशा रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटींमध्ये इन्युइट आयांची बाजू लावून धरली. २००१च्या त्या स्टॉकहोम कराराच्या प्रास्ताविकात आर्क्टिकचा उल्लेख आहे! नुनाविकच्या बायकांच्या रक्तातलं पीसीबी पुढे उतरत गेलं.

पण आता झाकणच तापतंय. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या झेपेलिन डोंगरावर हवेतली ही रसायनं वर्षानुवर्षं मोजली जातात. तिथल्या आणि कॅनडातल्या अलर्ट ठाण्याच्या नोंदी ताडून शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं, की समुद्रावरचा बर्फ हटतोय तसतशी पाण्यात आणि बर्फात अडकलेली जुनी रसायनं पुन्हा हवेत सुटताहेत. म्हणून आज आईच्या रक्ताचे आकडे वाचायचे तर शेजारी बर्फाचे आणि वाऱ्याचे आकडेही मांडावे लागतात.