कैफियत कोणी लिहायची?

नगर जिल्ह्यातल्या राजूरहून अकोले तालुक्याच्या कोर्टात तारखेला निघालेल्या माणसाच्या पिशवीतल्या कागदांची नावे अजून अरबी-फार्सीच आहेत. दाव्याला दिलेले लेखी उत्तर ती कैफियत. पक्षकाराने कोर्टापुढे लिहून दिलेले निवेदन ती पुरशिस. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी करायची ती दरखास्त. 'कैफियत'च्या मुळाशी अरबी 'कैफ' आहे, म्हणजे 'कसे'. काय कसे घडले ते सांगायचे. प्रतिवादीच्या कागदाला याहून नेमके नाव मला ठाऊक नाही.

मराठेशाहीत वादी तो अग्रवादी आणि प्रतिवादी तो पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरा होत, आणि तकरीर या शब्दातच बोलणे आहे. वतनाचा तंटा असला की पिढ्यांचा करीना, म्हणजे इतिहास, मांडायचा. निवाडा मान्य करू असा राजीनामा आधीच लिहून द्यायचा; त्याच शब्दाने आज आपण नोकरी सोडतो. हरलेला हार कबूल करणारे येजितखत लिहून देई, जिंकलेला सरकारात हरकी नावाची रक्कम भरी. वि. त्र्यं. गुणे यांच्या 1953 सालच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात हे सारे भेटते.

इंग्लंडच्या जुन्या कोर्टांत मात्र कागदाला कागद जोडत जात. वादीचे डिक्लरेशन, त्यावर प्रतिवादीची प्ली, मग रेप्लिकेशन, रिजॉइंडर, सररिजॉइंडर, रिबटर, सररिबटर. एका चुकीच्या शब्दाने खरी बाजू बुडे. 1873-75 च्या कायद्यांनी ही साखळी तोडली. आपल्याकडे त्यातला रिजॉइंडर तेवढा वकिलांच्या तोंडी राहिला.

पण नगर जिल्ह्यात माणसे बुडाली ती कागद वाढल्याने नव्हे, तर आपला कागद कोर्टात न पोचल्याने. राजूरच्या परिसरातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारशाहीविरुद्ध उठले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा पेटला, नगर जिल्ह्यात पसरला. लोकांनी सावकारांकडून मुख्यतः कर्जरोखे मागितले आणि जाळले. या दंग्याच्या चौकशी आयोगापुढे आले ते असे, की कुणब्यांवरचे कितीतरी हुकूमनामे एकतर्फी होते. समन्स निघे, प्रतिवादी येत नसे, कैफियत दाखल होत नसे, जमीन जाई.

1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने इथे मोठे धाडस केले. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाने शेतकरी प्रतिवादीला स्वतः तपासावे, कर्ज कबूल केले तरी व्यवहाराचा उगमापासून हिशेब पाहावा. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील नको. न लिहिलेली कैफियत कोर्टानेच विचारून घ्यायची, असा त्याचा अर्थ मी लावतो, आणि आपल्या कायद्याच्या इतिहासातले हे फार मोलाचे पान मानतो.

1908 च्या दिवाणी संहितेत उलट नियम आहे: दाव्यातले जे कथन स्पष्टपणे नाकारले नाही ते सामान्यतः कबूल समजले जाते. कैफियतीला मुदत 30 दिवसांची, कोर्टाने वाढवली तर 90. डोंगरातल्या वाडीवर समन्स पोचते त्याच दिवसापासून ती मोजली जाते.