नाशिकच्या हिऱ्याचं वजन

त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी रांग पुढे सरकत असते आणि आपल्या वाट्याला जेमतेम दोन क्षण येतात. तेवढ्यात वर तिरप्या लावलेल्या आरशाकडे पाहायचं असतं. पिंडीत वर आलेला दगड नाही. शाळुंकेत एक खळगा आहे आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे: ब्रह्मा, विष्णू आणि महेश. ज्याने हे एकदा पाहिलं आहे, त्याला ‘मूर्तीचा डोळा’ हे नाव ऐकून कोडंच पडेल. पण याच देवळाशी जोडलेला एक हिरा जगभरच्या जवाहिऱ्यांमध्ये या नावाने ओळखला जातो. त्याचं दुसरं नाव ‘नॅसॅक’. गोऱ्या कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं आपलं नाशिक.

मूर्तीच्या डोळ्याची दंतकथा एकट्या या हिऱ्याची नाही. रशियाच्या राजदंडात बसवलेल्या ऑर्लोव्ह हिऱ्याबद्दलही हेच सांगतात: श्रीरंगमच्या देवाचा डोळा, एका फ्रेंच शिपायाने भक्ताचं सोंग घेऊन काढून नेला. त्र्यंबकेश्वराच्या पिंडीवर सणासुदीला पंचमुखी मुखवटा चढतो, त्याला डोळे असतात हे खरं. पण नाशिकच्या हिऱ्याचा आकार होता त्रिकोणी आणि वजन जुन्या मापाने सुमारे ९० कॅरट. म्हणजे अठरा ग्रॅमच्या वर. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने पावणेदोन तोळ्यांहून जास्त. एवढा खडा डोळ्याच्या खाचेत बसवल्याची कल्पना ऐकायला छान, पण ती देऊळ न पाहिलेल्या माणसाची आहे.

मला या दंतकथेचा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. देवाचा डोळा कुणा भुरट्याने रात्रीच्या अंधारात पळवला, असं म्हटलं की दोष त्या एका चोराचा होतो. नाशिकचा हिरा अंधारात गेला नाही. तो कागदोपत्री, पावत्यांनिशी गेला.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि दुसऱ्या बाजीरावाचं पुणं सुटलं. पुढचे सात महिने पेशवा पळत होता आणि इंग्रज पाठलाग करत होते. जून १८१८ मध्ये त्याने जॉन माल्कमकडे शरणागती पत्करली, वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेतलं आणि तो बिठूरला गेला. या धामधुमीत हिरा जॉन ब्रिग्ज या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आला, त्याच्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे गेला आणि तिथून जहाजाने लंडनला.

युद्धात हाती लागलेल्या मालाला इंग्रजांकडे ‘प्राइझ’ म्हणत. तो विकायचा आणि आलेला पैसा सेनापतीपासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे वाटायचा, अशी रीतच होती. या मोहिमेच्या लुटीला ‘डेक्कन प्राइझ’ असं नाव पडलं आणि तिच्या वाटपावरून इंग्रजांचे आपसातले दावे पुढे कित्येक वर्षं चालले. या पैशाच्या विश्वस्तांपैकी एक होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आपल्या जालन्याच्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. दावे कोर्टात लढवले गेले, निकाल छापून आले. लुटीतला कुणाचा वाटा किती, यावर तिथे पानंच्या पानं खर्ची पडली. देवाचा किंवा पेशव्याचा हक्क हा तिथला वाद नव्हताच.

हिरा १६व्या शतकापासून त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता, असं परदेशी पुस्तकांत सर्रास सापडतं. पण आज दिसणारं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १८व्या शतकात बांधायला घेतलं. म्हणून मला वाटतं, हा हिरा पेशवाईच्या वैभवाच्या काळात देवाला वाहिलेला असणार. आपल्याकडे देव हा कायद्याने मालक ठरतो, देवस्थानाची जमीन आणि दागिने त्याच्या नावे असतात. तसं पाहिलं तर बाजीरावाने काय गमावलं आणि त्र्यंबकराजाने काय गमावलं, हे हिशेब वेगवेगळे मांडायला हवेत.

लंडनमध्ये हा हिरा रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे आला. आपल्याकडे पैलू पाडताना जीव वजनात असायचा. दगड जितका मोठा राहील तितका चांगला. इंग्रजांना चमक हवी होती. त्यांनी तो पुन्हा घासला, पण हात राखून. त्रिकोणी घाट तसाच ठेवला आणि वजन ८० कॅरटच्या आसपास आलं. १८३१ मध्ये ७,२०० पौंडांना तो इमॅन्युएल बंधूंनी घेतला. १८३७ मध्ये वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस रॉबर्ट ग्रोव्हनर याने विकत घेतला आणि समारंभाच्या तलवारीच्या मुठीत बसवला. या घराण्यात तो ९० वर्षं राहिला.

१९२७ मध्ये पॅरिसच्या मोबूसाँ या जवाहिऱ्याकडून तो अमेरिकेत आला, तेव्हाचा प्रसंग मला साऱ्या कहाणीत सर्वांत बोलका वाटतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणून जकात न भरता तो आत घेतला गेला. प्रतिस्पर्धी जवाहिऱ्यांनी हरकत घेतली आणि मामला कोर्टात गेला. प्रश्न एकच: याचं मोल इतिहासाचं की दागिन्याचं? अपिलात निकाल लागला की हा पैलू पाडलेला हिरा आहे, दागिन्यात बसवायच्या कामाचा, कलावस्तू नव्हे. त्र्यंबक, खडकी, बिठूर हे सारं त्या निकालाने खड्यापासून वेगळं झालं.

१९४० मध्ये तो हॅरी विन्स्टनकडे आला आणि त्याने मोजूनमापून जे केलं ते कुठल्याही सेनापतीने केलं नव्हतं. त्रिकोणी घाट मोडून त्याने तो पाचूसारखा चौकोनी करून घेतला. उरलं वजन ४३.३८ कॅरट. निर्दोष, पाणीदार, आणि नाशिकहून निघालेल्या वजनाच्या निम्म्याहून कमी. कोहिनूरचंही लंडनमध्ये असंच झालं होतं: १८५२ मध्ये तो १८६ कॅरटवरून १०५ च्या आसपास आला. सहाणेवरच्या पहिल्या पैलूचा मान तेव्हा वेलिंग्टनलाच दिला होता.

पुढे हा हिरा न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईच्या अंगठीत होता. १९७० मध्ये लिलावात तो पाच लाख डॉलरला गेला, घेणारा ट्रकवाहतुकीतला उद्योजक. १९७७ मध्ये तो लेबनॉनच्या रॉबर्ट मुवाद यांच्या संग्रहात आला.

हिरा परत आणा, अशी मागणी अधूनमधून उठते. मी तिच्या बाजूचा आहे. मात्र ती करताना वजन लक्षात ठेवावं. आज परत येईल तो खडा पावणेनऊ ग्रॅमांचा, एका तोळ्याहूनही कमी. नाशिकहून निघालेल्या हिऱ्यातले जवळपास पावणेदहा ग्रॅम सहाणेवर गेले. हिऱ्याला हिराच कापतो. त्याची भुकटी तेलात कालवून फिरत्या चाकावर लावतात आणि तिच्यावर दुसऱ्या हिऱ्याला पैलू पडतात. आपल्या भाषेत त्या कणांना हिरकणी म्हणतात.