फुग्यातून टिपलेली जमीन

■ १८५८ : फ्रेंच छायाचित्रकार नादार यांनी पॅरिसजवळ फुग्यातून पहिले हवाई छायाचित्र घेतले. तेव्हा रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे. म्हणून टोपलीतच अंधारखोली थाटलेली. आधीच्या खेपांना फुग्यातल्या वायूने काचा काळ्या पडल्या होत्या. ते छायाचित्र आज उपलब्ध नाही.

■ १८६० : जेम्स ब्लॅक यांनी टिपलेले बॉस्टन, हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र.

■ एकाच जागेची, एकमेकांपासून थोड्या अंतरावरच्या ठिकाणांहून घेतलेली दोन हवाई छायाचित्रे स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणातून पाहिली, की जमिनीचे चढउतार उठून दिसतात. त्यावरून समोच्च रेषांचे, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, नकाशे बनतात.

■ पूर्णेवरच्या येलदरीसारख्या धरणाचे पाणी कुठल्या शिवारापर्यंत चढेल, हे अशाच रेषा सांगतात. त्या रेषेवर कुणाचे तरी घर असते, म्हणून ती अचूकच हवी.