पुस्तक पेटीत नको, लेकरांच्या हाती द्या

धाराशिव जिल्ह्यातील वस्त्यांत फिरताना आम्ही अंगणवाडीत डोकावतो. पुष्कळदा चित्रांची पुस्तके पेटीत बंद असतात. "मुले फाडतील," असे ताई सांगतात. हिशेब त्यांनाच द्यावा लागतो, हे आम्ही जाणतो. पण ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला शिवू दिले नाही, त्याच्या लेकरांपुढे पुन्हा कुलूप का?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर खडे, शिंपले, पाने, बिया घेऊन बालशिक्षण उभे केले. आपल्याकडेही साहित्याला तोटा नाही.

समजा, बैलाच्या गोष्टीचे पुस्तक आहे. आठवडाभर तेच वाचा, चित्रावर बोट ठेवून मुलांना बोलते करा. मग खोलीचे चार कोपरे करा. एकात सतरंजी व पुस्तक. दुसऱ्यात काळ्या मातीचे बैल. तिसऱ्यात ज्वारीच्या चिपाडांची गाडी. चिपाडे मोठ्यांनी सोलून द्यावीत, सालीने बोट कापते. चौथ्यात चिंचोके मोजून 'पोती' भरणे. तिथे मोठ्या माणसाने बसावे, लहानगी बी नाकात घालतात. शेवटी मुलाने आपली गोष्ट सांगावी, ताईंनी ती लिहून घ्यावी.

पालकांनी ताईंना सांगावे, "पान फाटले तर कणकेच्या खळीने आम्ही चिकटवू." बाबासाहेबांनी राजगृह बांधताना ग्रंथांसाठी खास जागा ठेवली. आपण लेकरांसाठी एक कोपरा तरी ठेवू या.

जय भीम!