बेसाच्या पाठचं बरड

रविवारची सकाळ, सव्वासहा. बेसा चौकात तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर कांदा चिरणं चाललंय. स्वामी समर्थांच्या मंदिराकडे निघालेली माणसं सिमेंट रस्त्याच्या कडेकडेनं चालतायत. दुकानांची शटरं अजून खाली आहेत. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे, होळी तोंडावर आलीय, तरी सायकलवर बसल्यावर वाऱ्यानं बोटं गार पडतात.

भाचा पुढे, मी मागे. तो बेल्जियममध्ये, लिम्बुर्ग प्रांतातल्या गेंक शहरात नोकरीला आहे आणि तिथे रोज सायकलनंच कामावर जातो. काल रात्री जेवताना त्यानं फोनवर तिथलं माळरान दाखवलं. ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी झाकलेली वाळवट जमीन, तिच्यावरून गेलेला लाकडी सायकलपूल आणि कडेला एक शांत फ्लेमिश खेडं. "मामा, इकडे असं काही नाहीच ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, सकाळी लवकर ऊठ.

घोगलीपर्यंत दोन्ही बाजूंना इमारतीच आहेत. पुढे इमारती विरळ होतात आणि ले-आउट सुरू होतात. मुरमाचे आखीव रस्ते, कोपऱ्याकोपऱ्यावर रोवलेले पांढरे दगड, कुठे एखादी कमान, आणि सगळीकडे तेच बोर्ड: एनए-टीपी, आरएल, बँकेचं कर्ज उपलब्ध. घर अजून एकही नाही. दोन ले-आउटच्या मध्ये एखादं शेत तग धरून आहे; त्यात गहू पिवळा पडत चाललाय. वेळाहरीच्या बाजूनं आम्ही आउटर रिंग रोडला लागतो. ट्रकांच्या मधली फट मिळेपर्यंत सायकली धरून उभं राहावं लागतं. पलीकडे उतरलो की शंभरेक पावलांत ट्रकांचा आवाज मागे पडतो.

इथून पुढे ज्या गावात आम्ही चाललोय, त्याचं नाव मी लिहिणार नाही. रिंग रोडच्या अलीकडच्या गावांचं काय झालं, ते आत्ताच पाहून आलोय.

गाव लहान आहे. शिवेवर हनुमानाचं देऊळ, त्याच्यासमोर चिंच, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेची रंगवलेली भिंत. घरांच्या बाजूला पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे भारे रचलेले आहेत, वर्षभराचं जळण. एका ओसरीवर शेवटच्या वेच्याचा कापूस पडलाय आणि त्याच्यावर मांजर झोपलंय. अंगणात सडा टाकणारी बाई हात थांबवून आमच्याकडे बघते.

"कोठून आले जी?"

"बेसाहून."

"सायकलीनं?" ती भाच्याच्या हेल्मेटकडे बघते. "मंग पानी तं प्या."

तांब्यातलं पाणी गार आहे. भाचा ते उभ्यानंच घटाघटा पितो आणि तांब्या उपडा करून परत देतो. तिच्याशी बोलताना त्याचीही भाषा आपोआप नागपुरी होते. "चाल्लो जी मावशी," तो म्हणतो. गेंकमध्ये इतकी वर्षं राहूनही हे त्याच्या तोंडचं सुटलेलं नाही, याचा मला मनापासून आनंद होतो.

गावाच्या दक्षिणेला आखर आहे. गावची ढोरं सकाळी इथं जमतात आणि इथून चरायला निघतात. आम्ही पोचतो तेव्हा आखर रिकामं झालंय. ओलं शेण आणि खुरांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. त्या खुणांच्या मागे मागे पायवाट चढावर जाते. चढ फार नाही, पण वर आल्यावर जमीनच बदलते. खालची काळी माती संपते, चाकाखाली मुरूम करकरतो आणि समोर बरड पसरलेलं दिसतं.

पहिल्या नजरेला इथं काहीच नाही. पिवळं, वाळलेलं, गुडघाभर गवत आणि त्यात पसरलेली काटेरी झुडपं. भाचा सायकल आडवी टाकतो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मी काही बोलत नाही. या जमिनीसमोर थोडा वेळ उभं राहावंच लागतं.

मग पळस दिसायला लागतात. मोठी झाडं नाहीत. वारंवार तोडून पुन्हा फुटलेली, कमरेएवढी बुटकी खोडं. त्यांना पान नाही आणि फांदीला टोकापर्यंत केशरी फुलं लगडलीत. एका फुलात जांभळ्या चकाकीचा इवलासा शिंजीर चोच घालतोय. त्याच्यापलीकडे बोरी, भराटी, एक तिरपा हिवर, तरोट्याच्या वाळलेल्या काड्या. टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत दोन घिरट्या घालते. गवतातून तितरांची जोडी पळत बाहेर येते आणि आम्हाला बघून परत आत शिरते. तारेवर नीलकंठ बसलाय. दसऱ्याला तो दिसावा म्हणून आम्ही लहानपणी शहराबाहेर पायपीट करायचो. इथं तो बाराही महिने असतो.

भाच्याच्या मोज्यांना कुसळं लागलीत. तो वैतागून एकेक उपटतोय. मी त्यातलं एक घेऊन त्याच्या तळहातावर ठेवतो आणि बाटलीतलं थेंबभर पाणी त्यावर सोडतो. क्षणभर काही होत नाही. मग कुसळाची पिळदार शेपटी हळूहळू उलगडते आणि अख्खं कुसळ गिरमिटासारखं स्वतःभोवती फिरायला लागतं. पहिल्या पावसात हे बी असंच फिरत फिरत स्वतःला जमिनीत पेरून घेतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो, ओल मिळाली की पुन्हा सुटतो. भाचा हात हलू न देता ते फिरणं थांबेपर्यंत पाहतो. मग दुसरं कुसळ घेतो आणि पाण्याची बाटली माझ्याकडून मागून घेतो.

"आमच्याकडची हाइडंही अशीच गरीब जमीन आहे," तो म्हणतो. हाइडं म्हणजे त्याच्याकडचं माळरान. त्यानं सांगितलेलं आणि मी वाचलेलं जुळवून बघतो. तिथली वाळू आपल्या मुरमासारखीच निकृष्ट. शेकडो वर्षं गावकऱ्यांनी तिथं मेंढ्या चारल्या, झुडपं तोडली, मातीचे थर कापून गोठ्यात अंथरले, म्हणून तिथं जंगल न वाढता ती जांभळी फुलझाडं टिकली. जमीन गावाची, सगळ्यांच्या वापराची. १८४७ मध्ये बेल्जियमनं कायदा केला. पडीक असलेल्या या सामायिक जमिनी लागवडीखाली आणा, गावं तयार नसतील तर विकायला लावा, असा त्याचा रोख. कितीतरी माळरानं त्या कायद्यानं विकली गेली, नांगरली गेली. उरलेल्यावर पाइनची झाडं लावली, कारण कोळशाच्या खाणींना आधाराचे खांब लागत. आज तिथं जे उरलंय, ते एकेकाळच्या माळरानाचे तुकडे आहेत. त्या तुकड्यांसाठी २००६ मध्ये होगे केम्पेन हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि माळरान मोकळं राहावं म्हणून आता तिथं पुन्हा मुद्दाम मेंढ्या सोडतात.

आपल्याकडे त्या मेंढ्यांच्या जागी गाई आहेत, आणि त्या इथं कोणी मुद्दाम आणून सोडलेल्या नाहीत.

त्या आता समोर दिसतायत. पांढऱ्या, उंच पायांच्या, बहुतेक गवळाऊ वळणाच्या. एका अवखळ कालवडीच्या गळ्यात लोढणं अडकवलंय. हातभर लांबीचा बाभळीचा ओंडका, पुढच्या दोन्ही पायांवर आपटून आपटून गुळगुळीत झालेला. ती पळायला बघते, ओंडका गुडघ्यावर बसतो, ती थांबते आणि जिथं थांबली तिथलंच गवत खायला लागते. बोरीच्या सावलीत काठीवर हनुवटी टेकून म्हातारा गुराखी बसलाय.

"काय पाहून राहिले जी?"

"गवत पाहून राहिलो काका."

"गवत पाहाले आले?" तो हसत नाही, उलट सरकून आम्हाला सावलीत जागा करून देतो. "पाहा. आता लोक प्लॉट पाहाले येतात. गवत पाहाले कोणी येत नाही."

त्याचा बाप इथंच ढोरं चारायचा, आजाही. तेव्हा साऱ्या गावाची ढोरं एकत्र निघायची आणि वर्षाचं धान्य घरोघरून मिळायचं. आता ट्रॅक्टर आल्यापासून बैल गेले, आणि गाई पाळणारी घरंही कमी झाली. तो गोवारी आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या विधानभवनावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. सीताबर्डीतलं त्यांचं स्मारक आणि त्यांच्या नावाचा उड्डाणपूल ओलांडून मी कितीदा गेलोय. "मीबी होतो त्या मोर्च्यात," तो म्हणतो, आणि कालवडीकडे बघून हाळी घालतो. पुढे कोणी काही विचारत नाही.

जरा वेळानं भाचा विचारतो, ही जमीन कोणाची?

"सरकारची. कागदावर झुडपी जंगल हाय."

पूर्व विदर्भाबाहेरच्या माणसाला हे दोन शब्द कदाचित नवे असतील. इथल्या पटवाऱ्याच्या दप्तरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुन्या मध्य प्रांताच्या काळी गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे चराई, जळण, काटक्या यांच्यासाठी, राखून ठेवलेली ही जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या ६ जिल्ह्यांत मिळून ती सुमारे ८६ हजार हेक्टर भरते. ती जंगल आहे की नाही, यावर किती वर्षं घोळ चालला. तेवढ्यात तिच्यावर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी इमारती उभ्या राहिल्या. अखेर २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं, १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्या जुन्या आदेशाला धरून निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच मानायचं. ३ हेक्टरांहून लहान आणि कुठल्याही जंगलाला न लागून असलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे, असंही त्यात आहे. कोणी प्रकल्पासाठी जंगल तोडलं, तर त्या बदल्यातली झाडं लावायलाही ही जमीन सहजासहजी वापरता येणार नाही.

हे शेवटचं कलम मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे वन म्हटलं की लगेच खड्डे खणून रोपं लावायचा उत्साह येतो. या गवतात तसे खड्डे पडले तर तितर जाईल, लावा जाईल, कुसळ जाईल आणि त्या म्हाताऱ्याच्या गाई जातील. आणि उलट बाजूनं, संरक्षित म्हणून कुंपण घालून गाईंनाच बाहेर ठेवलं, तर दहा पावसाळ्यांत रायमुनिया, म्हणजे घाणेरी, सगळं व्यापून टाकेल. या जमिनीला चरणारं तोंड हवं. म्हाताऱ्याला हे सांगावं लागत नाही. मी रायमुनियाचं नाव काढताच तो काठीनं उताराकडे दाखवतो. तिथं ढोरं फिरकत नाहीत, आणि तेवढ्या पट्ट्यात रायमुनिया माणसाच्या उंचीचं माजलंय. त्याच्या शेजारी मुरूम खोदून नेलेला मोठा खड्डा आहे.

"रोही त्या रायमुनियातच लपते," तो म्हणतो. "रातीले हरभऱ्यात उतरते. पोरं जागली करते शेतात."

शेतकऱ्याची ती तक्रार खरी आहे, आणि बरडाचं कौतुक करणाऱ्यानं ती ऐकून घेतलीच पाहिजे.

खालच्या डांबरी रस्त्यावरून चार-पाच सायकलस्वार झपाट्यानं जातात. तंग कपडे, काळे चष्मे, रांगेत. नागपूरला आता सायकलची खरी ओढ लागलीय. २०१७ मध्ये डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पुरी केली आणि पुढच्याच वर्षी रशियातली ट्रान्स-सायबेरियन. तेव्हापासून वर्धा रोडला पहाटे सायकली दिसतात. पण त्या सगळ्या डांबरावरून जातात. या पायवाटेवर कोणी वळत नाही. कारण कुठे वळायचं, हे सांगणारी एकही पाटी नाही.

भाचा तिथल्या पाट्यांविषयी सांगतो. लिम्बुर्गमध्ये सायकलवाटांच्या जाळ्यातल्या प्रत्येक चौकाला नंबर आहे. घरून निघताना चार-पाच नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. खाणीत काम केलेले अभियंते ह्यूगो बोलेन यांना ही कल्पना सुचली आणि १९९५ मध्ये ते जाळं सुरू झालं. शेवटची खाण १९९२ लाच बंद पडली होती. खाणी गेलेल्या त्या भागात आता लोक सायकल चालवायला येतात, खेड्यांतल्या लहान खानावळींत जेवतात, राहतात.

म्हातारा सगळं लक्ष देऊन ऐकतो. "अन् तेथं ढोरं हाय का?"

"मेंढ्या आहेत काका."

"चारते कोण?"

"मेंढपाळ. पगारी."

"पगारी," म्हातारा पुन्हा म्हणतो, आणि मान हलवतो. ही गोष्ट त्याला पसंत पडलीय.

ऊन चढलंय. परत त्याच वाटेनं जायचं नाही, असं भाच्याचं म्हणणं. म्हातारा काठीनं हवेत रेघ ओढत रस्ता सांगतो. "त्या हिवरापासून डाव्या हातानं जा. मंग मारोती लागंल. मंग नाला. पानी नाही त्याच्यात, सायकल उचलून घ्या. पल्याड संत्र्याचा बगीचा हाय, तेथून सिद्धा डांबरी."

भाचा ते फोनमध्ये लिहून घेतो: हिवर, मारोती, नाला, बगीचा. मग मान वर करतो. "काका, यातला हिवर कोणता?"

म्हातारा गुडघ्यांवर हात दाबून उठतो. "चाला, दाखवतो. गाई कोठं जात नाही."

आम्ही सायकली हातात धरून त्याच्या मागे निघतो. पांढुरक्या सालीच्या त्या तिरप्या झाडावर तो काठी आपटतो. हा हिवर. मग लगेच बाजूचं झुडूप: ही भराटी, काटा सरळ राहते. भाचा पुढच्या झुडपाला हात लावतो, "ही पण भराटी?"

"ते बोर हाय जी. वाकडा काटा पाहा ना."

भाचा वाकून काटा बघतो, फोटो काढतो, आणि चार पावलं पुढे जाऊन तिसऱ्या झुडपापाशी थांबतो. "आणि हे?"

"चिलाटी. त्याच्यात नका शिरू बाप्पा, धरलं का सोडत नाही."