न्यायालयीन कर्मचाऱ्याकडून होणारी फसवणूक

न्यायालयाच्या आस्थापनेवरील नाझर, बेलीफ, लिपिक किंवा अन्य अधिकाऱ्याने आपल्या पदाचा आधार घेऊन पक्षकाराची किंवा सामान्य नागरिकाची रक्कम, मालमत्ता वा हक्क अप्रामाणिकपणे हिरावून घेणे, यास न्यायालयीन कर्मचाऱ्याकडून होणारी फसवणूक असे म्हणतात. भारतीय कायद्यात या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. अशा कृत्यावर फौजदारी न्यासभंग, ठकवणूक, बनावटीकरण व लाचखोरी यांविषयीच्या तरतुदींखाली कारवाई होते. हा विषय प्रामुख्याने भारतातील कायद्याशी निगडित असून प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील परिस्थितीच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

न्यायाधीशाचा निर्णय खुल्या न्यायालयात दिला जातो, त्याला कारणे द्यावी लागतात व त्यावर अपील करता येते. त्या निर्णयाच्या आधीची व नंतरची कामे, म्हणजे समन्स बजावणे, रक्कम स्वीकारणे, जप्ती करणे, ताबा देणे व नकला पुरविणे, ही कर्मचाऱ्यांच्या हातून होतात. ती बहुधा पक्षकाराच्या नजरेआड पार पडतात. त्यामुळे या टप्प्यांवरील फसवणूक उशिरा उघडकीस येते आणि दावा जिंकलेल्या पक्षकाराचेही तिच्यामुळे नुकसान होऊ शकते.

न्यायालयीन आस्थापना

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्यासह तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. दिवाणी प्रक्रिया संहिता व भारतीय दंड संहिता हे केंद्रीय कायदे या भागास १ एप्रिल १९५१ पासून लागू झाले. नाझर, दरखास्त, हुकूमनामा, मावेजा यांसारखे फारसी-अरबी शब्द येथील न्यायालयीन व्यवहारात आजही रूढ आहेत.

बीड येथे प्रमुख जिल्हा व सत्र न्यायालय असून अंबाजोगाई व माजलगाव येथे जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालये आहेत. ही न्यायालये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. हे खंडपीठ ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा व तालुका न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. जिल्ह्यातील दैनंदिन प्रशासन प्रमुख जिल्हा न्यायाधीश पाहतात.

आस्थापनेत प्रबंधक, अधीक्षक, लिपिक, लघुलेखक, नाझर, बेलीफ व शिपाई अशी पदे असतात. नाझर हा रोख रक्कम, जप्त वस्तू व बेलिफांच्या कामाचे वाटप सांभाळणारा अधिकारी असतो. बेलीफ समन्स-नोटिसा बजावतो, तसेच जप्ती व ताब्याच्या आदेशांची प्रत्यक्ष अंमलबजावणी करतो. रक्कम स्वीकारणे, तिची नोंदवहीत नोंद घेणे, ती बँकेत वा कोषागारात भरणे आणि ती अदा करणे यांविषयीचे नियम उच्च न्यायालयाच्या दिवाणी नियमपुस्तिकेत दिलेले आहेत.

फसवणुकीचे प्रकार

समन्सची खोटी बजावणी

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नुसार समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हाती द्यावे लागते. तो घरी नसेल व वाजवी काळात सापडण्याची शक्यता नसेल, तर ते कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस देता येते. योग्य प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडत नसेल आणि समन्स स्वीकारणारे कोणी नसेल, तर नियम १७ नुसार ते घराच्या दर्शनी भागी चिकटविता येते. बेलिफाने बजावणीची वेळ, रीत व घर दाखविणाऱ्या साक्षीदाराचे नाव अहवालात नमूद करणे आवश्यक असते. घरी न जाताच असा अहवाल लिहिल्यास प्रतिवादीला दाव्याची कल्पना येत नाही आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो.

बीड जिल्ह्यात या तरतुदीला वेगळे महत्त्व आहे. येथील ऊसतोड कामगारांची असंख्य कुटुंबे दरवर्षी गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. काही महिने कुलूपबंद असलेल्या घराच्या दारावर चिकटविलेले समन्स खरोखर चिकटविले असले, तरी ते संबंधितापर्यंत पोहोचत नाही. अहवाल खोटा असल्यास तो खोटा ठरविणेही कठीण जाते, कारण त्या दिवशी घरी कोणीच नसते. अहवाल शपथेवर नसेल, तर नियम १९ नुसार न्यायालयाने बेलिफाची शपथेवर तपासणी करणे बंधनकारक आहे.

न्यायालयात जमा रकमेचा अपहार

भूसंपादनाची भरपाई, मोटार अपघात दाव्यातील रक्कम, पोटगी, भाडे आणि लिलावाची अनामत अशा अनेक रकमा न्यायालयात जमा होतात. पावती न देता रोख रक्कम स्वीकारणे, नोंदवहीत कमी रक्कम दाखविणे, बनावट अर्ज वा मुखत्यारपत्राच्या आधारे भलत्याच व्यक्तीस रक्कम अदा करणे, असे अपहाराचे मार्ग असतात.

अशिक्षित दावेदारांची लुबाडणूक टाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध सुसम्मा थॉमस या १९९३ च्या निकालपत्रात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार अपघात भरपाईची रक्कम दीर्घ मुदतीच्या ठेवीत ठेवावी व तिचे व्याज दावेदारास मिळावे, अशी व्यवस्था करण्यात आली.

लिलाव व ताबा

आदेश २१ च्या नियम ७३ नुसार न्यायालयीन विक्रीशी संबंधित कर्तव्य असलेल्या अधिकाऱ्यास त्या विक्रीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे बोली लावता येत नाही. दुसऱ्याच्या नावाने खरेदी करणे, जाहीर नोटीस न लावता लिलाव उरकणे किंवा प्रत्यक्ष ताबा न देता कागदोपत्री ताबा दिल्याचे दाखविणे, ही या प्रकारातील उदाहरणे होत.

काम करून देण्याचे आमिष

अनुकूल निकाल, जामीन, लवकरची तारीख किंवा न्यायालयात नोकरी मिळवून देतो असे सांगून पैसे घेतले जातात. अनेकदा पैसे घेणाऱ्याला ते काम करण्याचा अधिकारच नसतो. अशा वेळी लाचखोरी व ठकवणूक हे दोन्ही गुन्हे एकाच व्यवहारातून उद्भवू शकतात.

बीड जिल्हा आणि मावेजा

भूसंपादनाच्या भरपाईस मराठवाड्यात ‘मावेजा’ म्हणतात. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण (जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा), केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण, लहानमोठे साठवण तलाव तसेच अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग यांसाठी जिल्ह्यातील शेतजमिनी संपादित झाल्या.

भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम १८ नुसार शेतकऱ्यास वाढीव भरपाईसाठी न्यायालयाकडे संदर्भ मागता येत असे. १९८४ च्या दुरुस्तीनंतर बाजारमूल्यावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळू लागली. वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के व त्यानंतर १५ टक्के दराने व्याजाची तरतूद झाली. त्यामुळे जितका विलंब होईल तितकी देय रक्कम वाढत जाते. शासनाने ती न भरल्यास शेतकरी दरखास्त दाखल करतो व न्यायालय शासकीय कार्यालयातील वाहने वा सामान जप्त करण्याचा आदेश देऊ शकते. १ जानेवारी २०१४ पासून १८९४ च्या कायद्याची जागा नव्या भूसंपादन कायद्याने घेतली.

जमीन गेल्यापासून रक्कम हाती पडेपर्यंत बराच काळ लोटतो. मूळ खातेदार मरण पावतो, वारसांत वाद होतात, नावांतील फरक दुरुस्त करावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर अर्ज, ओळख व दाखला लागतो. जमीन गमावलेल्या कुटुंबाचे भांडवल या प्रक्रियेत अडकलेले असते. त्यामुळे ‘रक्कम लवकर काढून देतो’ असे सांगणाऱ्याचे आमिष येथे अधिक परिणामकारक ठरते. न्यायालयात जमा रक्कम काढण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. कोणत्याही कर्मचाऱ्यास ती स्वतःच्या अधिकारात अदा करता येत नाही.

कायदेशीर तरतुदी

न्यायालयाचा अधिकारी हा कायद्याने ‘लोकसेवक’ असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू आहे. त्यापूर्वी घडलेल्या कृत्यांना जुनी संहिताच लागू होते.

लोकसेवकाने केलेला फौजदारी न्यासभंग: जुने कलम ४०९, नवे कलम ३१६(५). शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास व दंड.
ठकवणूक करून मालमत्ता मिळविणे: जुने कलम ४२०, नवे कलम ३१८(४). शिक्षा ७ वर्षांपर्यंत कारावास व दंड.
लोकसेवकाने नुकसान करण्याच्या हेतूने चुकीचा दस्तऐवज तयार करणे: जुने कलम १६७, नवे कलम २०१.
लोकसेवक असल्याची बतावणी: जुने कलम १७०, नवे कलम २०४.

भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम, १९८८ च्या कलम ७ नुसार लाच मागणे किंवा स्वीकारणे यासाठी ३ ते ७ वर्षे कारावासाची शिक्षा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही गुन्हा आहे. मात्र ज्यास लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने ७ दिवसांत तपास यंत्रणेस माहिती दिल्यास त्यास या तरतुदीतून संरक्षण मिळते.

न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियम, १८५० हा न्यायाधीशांबरोबरच कायदेशीर वॉरंटची अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयीन अधिकाऱ्यांनाही दिवाणी दाव्यापासून संरक्षण देतो. अपहार व बनावट नोंदींना मात्र पदाचे कवच मिळत नाही. शंभूनाथ मिश्रा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९९७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खोटा अभिलेख तयार करणे व सार्वजनिक पैशाचा अपहार करणे हे शासकीय कर्तव्याचा भाग नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ खालील पूर्वमंजुरी अशा प्रकरणात आवश्यक ठरत नाही.

फौजदारी खटला व विभागीय चौकशी या स्वतंत्र कार्यवाह्या आहेत. खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत संभाव्यतेचे पारडे पुरेसे असते. गुन्हा नोंदविला जाणे किंवा निलंबन होणे म्हणजे दोषसिद्धी नव्हे.

उल्लेखनीय प्रकरणे

उत्तर प्रदेशातील गाझियाबाद जिल्हा न्यायालयात २००८ मध्ये भविष्य निर्वाह निधी घोटाळा उघडकीस आला. तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या निधीतून अनेक वर्षे बनावट प्रकरणांद्वारे कोट्यवधी रुपये काढल्याचा आरोप न्यायालयाचे केंद्रीय नाझर आशुतोष अस्थाना यांच्यावर होता. त्यांच्या जबाबात अनेक न्यायाधीशांची नावे आल्याने सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. ऑक्टोबर २००९ मध्ये डासना कारागृहात असताना अस्थाना यांचा मृत्यू झाला. रक्कम सांभाळणारा व तिच्यावर देखरेख करणारा या दोघांचीही पडताळणी व्हावी लागते, ही बाब या प्रकरणाने पुढे आणली.

डिसेंबर २०२४ मध्ये सातारा येथील एका जिल्हा व सत्र न्यायाधीशाविरुद्ध जामिनासाठी मध्यस्थांमार्फत ५ लाख रुपयांची मागणी केल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदविला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागीय कार्यवाहीनंतर त्यांना सेवेतून बडतर्फ केले.

न्यायालयाच्या नावाचा वापर बाहेरील व्यक्तींकडूनही होतो. बनावट न्यायालयीन आदेश दाखवून ‘डिजिटल अटके’ची भीती घालणाऱ्या टोळ्यांची सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याची तक्रार त्यास कारणीभूत ठरली. कायद्यात ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद नाही.

राज्याची जबाबदारी

अभिरक्षेतील मालमत्ता नाहीशी झाल्यास भरपाई कोणी द्यावी, याविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बदलत गेली. कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात १९४७ साली मेरठ पोलिसांनी जप्त केलेले सोने घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळून गेला होता. जप्ती हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याचे कारण देऊन न्यायालयाने १९६४ मध्ये भरपाई नाकारली. पुढे बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य (१९७७) या प्रकरणात मात्र अभिरक्षेतून गहाळ झालेल्या दागिन्यांची किंमत मालकास देण्याचा आदेश झाला. एन. नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (१९९४) या निकालाने सार्वभौम कार्याचा बचाव आणखी संकुचित केला.

तक्रार व दाद

कर्मचाऱ्याविरुद्धची लेखी तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयाच्या प्रबंधक कार्यालयाकडे करता येते. लाचेच्या मागणीची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या निःशुल्क क्रमांकावर नोंदविता येते. अपहार व ठकवणुकीबाबत पोलीस ठाण्यात फिर्याद दाखल करता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत विधी सहाय्य मिळते.

खोट्या बजावणीवर आधारित एकतर्फी हुकूमनामा आदेश ९ नियम १३ खाली रद्द करून घेता येतो. समन्स रीतसर बजावलेले नसल्यास त्यासाठीची ३० दिवसांची मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजली जाते. लिलावातील गैरप्रकार वा कपटाबद्दल आदेश २१ नियम ९० खाली अर्ज करता येतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ नुसार, कपटामुळे दडलेल्या बाबींसंबंधी मुदत ते कपट उघडकीस आल्यापासून सुरू होते.

प्रतिबंधक उपाय

२००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालये प्रकल्पामुळे प्रत्येक खटल्यास १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. त्याद्वारे पुढील तारीख, आदेश व खटल्याची स्थिती कोणासही विनाशुल्क पाहता येते. न्यायालयीन शुल्क ऑनलाइन भरण्याची तसेच देय रक्कम थेट पक्षकाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत रूढ होत आहे. त्यामुळे रोखीचे व्यवहार व मध्यस्थांचा वाव कमी होतो. तथापि, बजावणी, जप्ती व ताबा ही कामे प्रत्यक्ष जागेवरच करावी लागतात. तेथे शपथेवरील अहवाल, साक्षीदार व पंचनामा हेच पडताळणीचे मुख्य साधन आहे. दिलेल्या प्रत्येक रकमेची छापील पावती व प्रत्येक आदेशाची प्रमाणित नक्कल घेणे हा पक्षकाराच्या बाजूचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा ठरतो.

हे सुद्धा पहा

बेलीफ
नाझर
दिवाणी प्रक्रिया संहिता
लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, महाराष्ट्र
बीड जिल्हा