दुकानातला ब्लूज आणि आजीची कॅसेट

रेकॉर्डिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेची खोली, कानाला हेडफोन, दारावर लाल दिवा. पण ज्या रेकॉर्डिंगमुळे मला माझी एक जुनी चूक कळली, ते स्टुडिओत झालेलंच नाही. ते झालं रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात हेस्टिंग्ज स्ट्रीटवर जो व्हॉन बॅटल या माणसाचं ‘जोज रेकॉर्ड शॉप’ होतं. पुढे रेकॉर्ड विकायच्या आणि मागच्या बाजूला रेकॉर्डिंग करायचं, असा कारभार. जगभर गाजलेला ब्लूज गायक जॉन ली हूकर इथे गायला. १९५६ मध्ये इथेच वन-स्ट्रिंग सॅम नावाच्या गायकाचं रेकॉर्डिंग झालं. त्याचं वाद्य घरी बनवलेलं, त्याला तार एकच! त्या तारेवर काच घासत तो गायला. गाण्याचं नाव ‘आय नीड अ हंड्रेड डॉलर्स’, म्हणजे मला शंभर डॉलर पाहिजेत. (महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आपलं अख्खं होस्टेल हेच गाणं गातं, ही गोष्ट वेगळी.)

आता हा ब्लूज काय प्रकार आहे? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून तो आला. यवतमाळकरांना कापूस काय सांगायचा! १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला मागणी आली. म्हणजे त्यांच्या पऱ्हाटीचा आणि आपल्या पऱ्हाटीचा संबंध तसा जुनाच आहे.

ब्लूजचा नेहमीचा साचा सोपा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड. पहिले चार ‘सा’वर, दोन ‘म’वर, दोन परत ‘सा’वर, मग एक ‘प’, एक ‘म’ आणि शेवटचे दोन ‘सा’वर. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. हार्मोनियमच्या कोमल ‘ग’ आणि शुद्ध ‘ग’ यांच्या मधे कुठेतरी ब्लूजचा ‘ग’ असतो. पेटीवर तो सापडत नाही, गळ्यात सापडतो.

रेकॉर्डच्या दुकानात गायकाला बोलवायचं, रॅकच्या मधे पन्नासेक माणसं उभी करायची आणि तो कार्यक्रम तिथेच टेप करायचा, ही पद्धत तिकडे चांगलीच रुळली आहे. २००८ पासून दरवर्षी ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो, त्या दिवशी तर कित्येक दुकानांत गाणं असतं. पण दुकानात आवाज चांगला कसा काय येतो? इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं.

सबाइनचं सूत्र बघा. टी = ०.१६१ × व्ही ÷ ए. ‘टी’ म्हणजे आवाज ६० डेसिबलनं विरायला लागणारा वेळ, ‘व्ही’ म्हणजे खोलीचं घनफळ आणि ‘ए’ म्हणजे खोलीतल्या सगळ्या गोष्टी मिळून किती आवाज शोषतात तो आकडा. समजा दुकान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. घनफळ १८० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून २१६ चौरस मीटर. प्लास्टर आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम ४ टक्के भाग शोषतात असं धरू, म्हणजे ‘ए’ झाला सुमारे ८.६. उत्तर येतं ३.४ सेकंद. रिकाम्या मेसमध्ये ताट पडलं की कसं घुमतं, तसं. त्यात गाणं केलं तर एक शब्द कळणार नाही.

आता आत ४० माणसं आणा. माणूस आणि त्याचे कपडे मिळून अंदाजे ०.४५ धरा, १८ झाले. पुठ्ठ्याच्या कव्हरातल्या रेकॉर्डनी भरलेल्या रॅकचे १० धरा. ‘ए’ गेला ३६.६ वर, आणि टी उतरला ०.८ सेकंदावर! शब्द स्वच्छ, तरी खोलीची ऊब शिल्लक. शिवाय रॅकच्या खाचाखोचांमुळे आवाज एकाच दिशेनं न फिरता विखुरतो. थोडक्यात काय, ऐकायला आलेले लोकच तिथे आवाज शोषायचं काम करतात. त्यांचा खोकला, टाळ्या, मधेच कुणी दिलेली दादही टेपवर येते आणि ती खटकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माइक किती लांब. अंतर दुप्पट झालं की गायकाकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. माइक लांब गेला की गायक बुडतो आणि खोली वर येते.

माझी चूक नेमकी हीच. २००३ साली दिवाळीच्या सुट्टीत मी होस्टेलवरून गावी गेलो, ते मित्राचा टेपरेकॉर्डर घेऊनच. आजी वेचणीला जाताना बायकांबरोबर जी गाणी म्हणायची, ती मला भरून घ्यायची होती. आजी हसली. म्हणाली, “कायले भरतं बाप्पा माह्यं गानं? बजारात इकतं का?”

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं. भांड्यांची मांडणी, शहाबादी फरशी, टेप चार हातांवर आणि डोक्यावर पंखा फुल स्पीडवर. त्या टेपला आवाज आपोआप वरखाली करणारं सर्किट होतं. आजी श्वास घ्यायला थांबली की सर्किटला वाटायचं आवाज कमी झाला, लगेच ते पंख्याचा आवाज चढवायचं. पुढच्या वर्षी आजी गेली. कॅसेट माझ्याकडे आहे. पंखा अगदी स्पष्ट ऐकू येतो. आजी लांब कुठेतरी आहे, चाल कळते, शब्द कळत नाहीत. ते शब्द आता गावात कुणालाच येत नाहीत.

आजीचा प्रश्न मात्र खरा होता. तेव्हा यवतमाळच्या बाजारात कॅसेटची दुकानं होती. यादी दिली की कोरी कॅसेट भरून मिळायची, पण सिनेमाची, भजनाची. मुंबईत काळा घोड्याला ‘ऱ्हिदम हाउस’ होतं, तेही २०१६ मध्ये बंद झालं. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये बडी गाय गायला. लहानपणी लुइझियानात कापूस वेचलेला माणूस! त्याला ऐकायला मुंबईकरांनी तिकिटं काढली. आपल्या वेचणीची गाणी मात्र आपणच बिनकिमतीची ठरवली.

तर मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. फोन फ्लाइट मोडवर टाका. पंखा, फ्रिज बंद करा. स्वयंपाकघर नको. गाद्या, गोधड्या, कपड्यांची दांडी असेल ती खोली निवडा. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, गाणारीपासून हातभर अंतरावर ठेवा. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात घ्या. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे आवाज चढला तरी फाटणार नाही. शेजारच्या चार बायकांनाही बोलवा. एकटीला गाणं आठवत नाही, झेलणारी असली की आठवतं. आणि खोलीही सुधारते, हे वर पाहिलंच.

शेवटचं म्हणजे कॉपी काढा. एक घरी, एक मित्राकडे. जो व्हॉन बॅटलचं दुकान १९६७ च्या डेट्रॉइटच्या दंगलीत उद्ध्वस्त झालं आणि तिथल्या बऱ्याच टेप गेल्या. जे रेकॉर्ड होऊन लोकांच्या घरी पोचलं होतं, ते राहिलं. वन-स्ट्रिंग सॅम आपल्याला ऐकू येतो तो त्यामुळेच.

आमच्या लॅबमध्ये एक चांगला रेकॉर्डर आणि दोन माइक आहेत. रजिस्टरमध्ये सही करून दोन दिवसांसाठी नेता येतात. परत आणताना सेल काढून आणा, एवढंच.